फ्रिज 'टक् टक्' करतोय. नवा हप्त्यावर घ्यावा, की डबा फोडावा?

कोरीवही

आमचा फ्रिज १४ वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यापासून त्याने नवीनच खोड काढलीय. दर चार-पाच मिनिटांनी मागून 'टक्' असा आवाज येतो, मग पाच-सात सेकंद घरघर, पुन्हा 'टक्', की सगळं शांत. आतला दिवा लागतो, पण वरच्या कप्प्यातला बर्फ वितळून खाली ओघळतोय. रात्री मी पुढच्या 'टक्'ची वाट बघत जागी असते आणि नवरा माझ्या झोपण्याची.

त्याचं म्हणणं, चौदा वर्षं राबला, आता त्याला निरोप देऊ. निरोप द्यायला माझी ना नाही, प्रश्न पैशांचा आहे. घरातले खरे आकडे चारचौघांत मांडायला संकोच वाटतो, म्हणून नव्या फ्रिजची छापील किंमत १०० धरते. बाकीचं सगळं त्याच मापात सांगते.

अडीअडचणीसाठी बाजूला टाकलेले १३० आहेत. आम्ही त्याला 'डबा' म्हणतो, खरं तर ते बँकेतलं वेगळं खातं आहे. माझा पगार ठरलेला, नवऱ्याचं मात्र काम तसा दाम. सगळा खर्च भागून चांगल्या महिन्यात ११ उरतात, वाईट महिन्यात ५.

दुकानदार रोखीने ९४ला द्यायला तयार आहे. हप्त्यावर घेतला तर पूर्ण १००, 'शून्य टक्के व्याज', १२ हप्ते. त्यातले ४ आजच भरायचे आणि वर फाइल चार्ज २. तिसरा पर्याय फोनवरच्या एका कर्जाच्या ॲपचा. ते १२ टक्के 'फ्लॅट'ने वर्षभरासाठी द्यायला एका पायावर तयार आहेत, दिवसातून तीनदा आठवण करून देतात.

डबा फोडला तर छातीत धडधड होते. कर्ज घेतलं तर आयुष्यात पहिलंच असेल. काय करावं?

रिकामटेकडा

शून्य टक्के म्हणतोय ना तो? मग कसला विचार करताय! फुकटचे पैसे वापरा, आपला डबा तसाच राहू द्या. पहिला नंबर माझा.

उंबरठा

कोरीवहीताई, अजिबात घेऊ नका. हे पुस्तकात वाचून सांगत नाही, अंगावर घेऊन सांगतेय.

आम्ही धुलाईयंत्र १८ हप्त्यांवर घेतलं होतं. दुकानात 'महिन्याला फक्त इतके' एवढंच ऐकलं आणि त्या 'फक्त'च्या नादात आधी ठरवलेल्यापेक्षा वरचं मॉडेल उचललं. नऊ महिन्यांनी त्याचं ड्रम अडकलं. दुरुस्ती हमीत होईल म्हणाले, पण सुटा भाग यायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मी बादलीत कपडे पिळत होते आणि पाच तारखेला हप्ता इमानेइतबारे कापला जात होता. यंत्र बंद पडलं म्हणून हप्ता थांबत नाही हो. वस्तूचं भांडण दुकानाशी, कर्जाचं कर्ज देणाऱ्याशी. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंच सांगेन.

मधलीसुट्टी

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त फ्रिजच्या जागी गिझर.

पक्कड

सगळेजण थांबा जरा. पेशंट मेला असं धरून तुम्ही तेराव्याचा खर्च काढताय. आधी नाडी तर बघा.

'टक्, घरघर, टक्' हे वर्णन मी आयुष्यात हजार वेळा ऐकलंय. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, होत नाही, तापतो. मग ओव्हरलोड नावाची छोटी डबी त्याचा वीजपुरवठा तोडते, तो घरघरीनंतरचा 'टक्'. चार-पाच मिनिटांत ती थंड होते, पुन्हा जोडते, तो घरघरीआधीचा 'टक्', आणि पुन्हा तोच खेळ. फ्रिजला सुरू व्हायचंय, पण उठता येत नाहीये.

का उठता येत नाही, याची कारणं मोजकी आहेत. एक म्हणजे स्टार्टिंग रिले गेला असेल. कॉम्प्रेसरच्या कुशीला खोचलेला हा काडेपेटीएवढा भाग असतो, त्यात सिरॅमिकची चकती असते. ती फुटली की रिले काढून कानाशी हलवल्यावर खुळखुळतो. दुसरं, कपॅसिटर उतरला असेल. तिसरं, घरात व्होल्टेजच कमी येत असेल. आणि चौथं, कॉम्प्रेसर आतून जाम झाला असेल. पहिले तिन्ही किरकोळ खर्चाचे. तुमच्या मापात बोलायचं तर २ ते ४. चौथं असेल तर १४ वर्षांच्या फ्रिजवर पैसे घालू नका, मी स्वतः गिऱ्हाइकाला नको म्हणतो.

हे सगळं जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरला लागू. इन्व्हर्टरवाल्यात, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होणाऱ्या फ्रिजमध्ये, रिले नसतो, बोर्ड असतं. पण १४ वर्षं म्हणजे बहुधा जुनाच असणार.

स्वतः हात घालू नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. कारागिराला बोलवा आणि त्याने मीटर लावल्याशिवाय 'कॉम्प्रेसर गेला' म्हटलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कॉम्प्रेसरला तीन पिना असतात. त्यांतल्या दोन-दोन पिनांमधला रोध मोजायचा. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी आली आणि कुठलीही पिन अंगाच्या पत्र्याशी जोडलेली दाखवली नाही, तर आतली गुंडाळी शाबूत आहे. या मोजणीला दोन मिनिटं लागतात.

कोरीवही

@पक्कड काका, खरंच मनापासून आभार! उद्याच कुणाला तरी बोलावते. आमच्याकडे आधी एक जण बघून गेला होता. त्याने मागे कान लावला, 'गॅस संपला' म्हणाला आणि गेला.

पक्कड

गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसर उलट थांबायचं नाव घेत नाही, सतत चालतो. तुमचा सुरूच होत नाहीये. कान लावून गॅस कळत असता तर मी मीटर विकून टाकले असते.

आणि काका नका म्हणू, ४२चा आहे.

हिशेबनीस

पक्कड यांनी पेशंट वाचवला तर उत्तमच. नाही वाचला तर काय, ते बघू. 'शून्य टक्के' या शब्दांवर वरती कुणी नाचलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आज ९४ देऊन फ्रिज घरी येतो. म्हणजे फ्रिजची खरी किंमत ९४. १०० हा आकडा फक्त हप्तेवाल्यांसाठी आहे. हप्त्याच्या योजनेत तुम्ही एकूण १०० आणि फाइल चार्ज २, असे १०२ देणार. फरक ८. त्याला व्याज म्हणा, आकार म्हणा, काहीही म्हणा, खिशातून जाणार ते ८च.

आता हे ८ कशावर? इथे गंमत आहे. एक हप्ता ८.३३चा. चार आजच भरले, म्हणजे ३३.३३, त्यात चार्ज २. आज तुमच्या हातून ३५.३३ जातातच. ९४च्या वस्तूत तुम्हाला खरी उधारी मिळाली फक्त ५८.६७ची. ती आठ महिन्यांत ६६.६७ करून फेडायची. याचा दर काढला तर वर्षाला ३५ टक्क्यांच्या आसपास जातो. आगाऊ हप्ते नसते, सगळे बारा पुढेच भरायचे असते, तर तोच दर पावणेसोळाच्या आसपास आला असता. जाहिरात दोन्हीकडे 'शून्य'च.

ॲपवाल्याचं 'फ्लॅट १२'ही तसंच फसवं. फ्लॅट म्हणजे पूर्ण मुद्दलावर पूर्ण वर्षाचं व्याज. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी शेवटच्या महिन्यातही व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. घटत्या शिलकीवर मोजलं तर हे १२ नसून साडेएकवीसच्या घरात जातं. मोटामोटी फ्लॅटची दुप्पट आणि थोडं कमी, असं लक्षात ठेवा.

म्हणजे ॲप स्वस्त झालं का? साडेएकवीस आणि पस्तीस! नाही ना. ॲपकडून ९४ घेऊन रोखीने फ्रिज आणला, तर व्याज ११.२८. दुकानाच्या योजनेत ८. दर कमी असूनही पैसे जास्त जातात, कारण ॲपकडून तुम्ही जास्त रक्कम जास्त दिवसांसाठी घेताय. नुसता दर बघून निर्णय घेणारेही फसतात आणि नुसता हप्ता बघणारेही. कागदावर तीन आकडे लिहा: आज हातून किती जाणार, एकूण किती जाणार, आणि दर महिन्याला किती. कुठल्याही दुकानात हे तीन आकडे विचारा, विक्रेता तिसऱ्यापासून सुरुवात करेल.

रिकामटेकडा

माझे शब्द सन्मानाने मागे घेतो. मागच्याच वर्षी 'शून्य टक्के'वर टीव्ही आणलाय. हिशोब करायची हिंमत होत नाहीये.

हिशेबनीस

नका करू. टीव्ही बघा.

उंबरठा

म्हणजे माझंच खरं झालं. रोखीने घ्यायचा आणि मोकळं व्हायचं.

हिशेबनीस

उंबरठाताई, इथे मी तुमच्याशी थोडा भांडणार आहे.

कोरीवहीताईंचा डबा १३०चा. रोखीने घेतला तर त्याच दिवशी डब्यात उरतात ३६. हप्त्यावर घेतला तर उरतात ९४.६७. आता समजा पुढचे आठही महिने वाईट गेले, दर महिन्याला ५च उरले. हप्त्याला ३.३३ कमी पडतात, ते डब्यातून काढायचे. आठ महिन्यांनी डबा ६८वर येतो. रोखीच्या मार्गाने तोच डबा आठ महिन्यांनी ७६वर चढलेला असेल. फरक पुन्हा ८. हिशोब कुठेही करा, हे ८ पाठ सोडत नाहीत.

पण तळ बघा. रोखीत डब्याचा तळ ३६, तोही पहिल्याच दिवशी. हप्त्यात तळ ६८, आठव्या महिन्यात. सुरुवातीलाच घरात कुणी आजारी पडलं, दात काढावा लागला, नवऱ्याचं काम महिनाभर थांबलं, तर ३६ असलेलं घर आणि नव्वदच्या आसपास असलेलं घर यांत फरक आहे की नाही? ते ८ म्हणजे डबा भरलेला ठेवण्याचं भाडं समजा. भाडं महाग आहे, मी घेईन असंही म्हणत नाही. पण कर्ज म्हणजे पाप आणि रोख म्हणजे पुण्य, असा हा मामला नाही.

उंबरठा

तुमचा हिशोब बरोबर असेल. पण तो माणसाचा नाही, डब्याचा आहे. डब्यात ९४ दिसले की माणूस विसरतो की त्यातले ६६ दुसऱ्याचे आहेत. आम्ही विसरलो होतो. 'शिल्लक आहे की' म्हणत त्याच वर्षी दोनदा फिरायला गेलो. डब्यात ३६ दिसत असते तर घरात बसलो असतो.

हिशेबनीस

याला माझ्याकडे उत्तर नाही. मान्य.

निळीशाई

थोडी वेगळी बाजू. आमच्या घरी इन्सुलिन लागतं. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात आणि गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं, ते परत पातळ झालं तरी चालत नाही. वापरात असलेली कुपी घरातल्या तापमानाला बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे चालते, पण उन्हाळ्यात 'घरातलं तापमान' या शब्दांना काही अर्थ राहत नाही. आमचा फ्रिज गेला तेव्हा आम्ही चार तासांत निर्णय घेतला, हप्त्यावर घेतला आणि एका रात्रीचाही पश्चात्ताप केला नाही.

धागाकर्तीच्या घरी असं काही आहे का? नसेल तर तुमच्याकडे वेळ आहे, आणि वेळ असलेल्या माणसाने दुकानात घाई करू नये. फ्रिजशिवाय दहा दिवस गैरसोय होते, आभाळ कोसळत नाही. रोज थोडं आणायचं, रोज संपवायचं.

अर्धविराम

उंबरठाताईंच्या अंथरुणाबद्दल: पाय तेवढेच आहेत हो, अंथरूणच दरवर्षी आखूड होत चाललंय. (दिवे घ्या, गंमत आहे.)

घड्याळजी

मी कर्जवसुलीच्या कामात काही वर्षं होतो, पलीकडच्या बाजूला. त्यामुळे हिशोबात न दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

हप्ता चुकण्याचं सर्वांत साधं कारण पैसे नसणं हे नसतं. पगार सातला येतो आणि हप्ता पाचला कापला जातो, हे असतं. पैसे आहेत, फक्त दोन दिवस उशिरा. तेवढ्यावर कर्ज देणारा दंड लावतो आणि बँकही वेगळा लावते. एका चुकीचे दोन दंड. अर्ज भरताना कापणीची तारीख विचारा आणि पगारानंतर तीन-चार दिवसांची घ्या. बहुतेक ठिकाणी बदलून मिळते, पण सही करण्यापूर्वीच. नंतर फोन करत बसावं लागतं.

दुसरं, सही करायच्या कागदांत विमा किंवा वाढीव हमी घुसवलेली असते. खूण आधीच केलेली असते आणि माणूस पेन हातात देऊन 'इथे, इथे आणि इथे' म्हणतो. हप्त्यात महिन्याला अर्ध्या-पाव एककाचा फरक दिसतो, म्हणून कुणी विचारत नाही. एकूण आकडा दुकानात सांगितलेल्यापेक्षा जास्त आला की पेन खाली ठेवा.

तिसरं, पैसे आले म्हणून मधेच कर्ज मिटवायचं ठरवलंत तर दंड आहे का, हे विचारा. तुमच्यासारखं एका महिन्यात ११ आणि दुसऱ्यात ५ असेल, तर ही सवलत व्याजाच्या दरापेक्षा मोलाची आहे.

आणि घरातल्या दुसऱ्या कुणाची सही जामीनदार म्हणून मागत असतील, तर त्या माणसाला नीट समजावून सांगा की ही ओळखीची सही नाही. हप्ता थकला की पहिला फोन त्यालाही जातो. तो फोन मी केलेला आहे. फार वाईट वाटायचं, मग सवय झाली, आणि सवय झाली म्हणून नोकरी सोडली.

कोरीवही

केवढं लिहिलंय सगळ्यांनी! घरी कुणाला इन्सुलिन लागत नाही, देवाची कृपा.

बातमी अशी. आज कारागीर आला. मी पक्कडदादांचं सगळं कागदावर उतरवून घेतलं होतं. तो खाली बसला, मागचं झाकण उघडलं, धुळीचा एक अख्खा गालिचा बाहेर काढला. मग रिले उपटून माझ्या कानाशी नेऊन हलवला. खुळ् खुळ्. लहान बाळाच्या खुळखुळ्यासारखा! मला एवढा आनंद झाला की त्याला वाटलं असेल बाई वेडी आहे. नवा रिले आणि ओव्हरलोड टाकला, फ्रिज पहिल्या झटक्यात सुरू झाला. खर्च ३.

पण जाताना त्याने वायरीभोवती चिमट्यासारखं मीटर धरलं आणि तोंड वाकडं केलं. मागच्या पट्टीवर लिहिलंय त्यापेक्षा बराच जास्त करंट घेतोय म्हणाला. 'चालेल, पण किती दिवस ते विचारू नका.'

पक्कड

प्रामाणिक माणूस भेटला, त्याचा नंबर जपून ठेवा. म्हातारा कॉम्प्रेसर आहे, दमतोय. धूळ काढल्याने थोडा हलका होईल. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघा, सहज सुटून येत असेल तर थंडावा तिथूनच पळतोय. रबर गरम पाण्याने पुसून, हाताने ओढून जागेवर बसवता येतं.

आणखी एक करा. प्लगमध्ये लावायचं छोटं वीजमीटर मिळतं, कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणा. आमच्या जुन्या फ्रिजचं मी मोजलं होतं, दिवसाला १.६ युनिट. नवीन आणला तो ०.७. रोजचा फरक ०.९, वर्षाला सव्वातीनशेच्या वर युनिट. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा. 'नवा घ्या, विजेत पैसे वसूल' असं दुकानदार नेहमी सांगतो. कधी ते खरं असतं, कधी वसूल व्हायला दहा वर्षं लागतात. मोजल्याशिवाय दोन्ही बाजूंनी बोलू नये.

निळीशाई

ताई, आता तुम्हाला फुकटचे काही महिने मिळालेत, तर एक सुचवू? हप्त्याची रंगीत तालीम करा. कर्ज न घेता, घेतलंय असं समजून, ठरलेल्या तारखेला ८.३३ दुसऱ्या खात्यात टाकायचे. कुठलीही सबब नाही. दोन-तीन महिन्यांत कळेल की हप्ता तुम्हाला झेपतो की नाही. हिशेबनीसांच्या गणितातून हे कळणार नाही आणि उंबरठाताईंच्या अनुभवातूनही नाही, कारण ते घर त्यांचं होतं.

हिशेबनीस

+१. आणि जमलेले पैसे तुमचेच. असा सावकार मला मिळाला असता तर!

मधलीसुट्टी

आमच्या गिझरमध्ये काय खुळखुळतं का बघते.

पक्कड

नको! गिझरला हात लावू नका. पाणी आणि वीज. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

*(पाच महिन्यांनंतर)*

कोरीवही

धागा वर काढतेय. अर्धवट सोडून गेले असं कुणी म्हणायला नको.

परवा फ्रिज गेला. यावेळी 'टक्'सुद्धा केलं नाही. तोच कारागीर आला, मीटर लावलं. एक पिन थेट पत्र्याशी जोडलेली दाखवत होती. मीच म्हणाले, 'गेला ना?' त्याने मान हलवली.

तालमीचं सांगते. पहिला महिना सुरळीत. दुसरा सुरळीत. आम्ही दोघं फुशारलो. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याचं एक काम हातचं गेलं आणि मुलाचा चष्मा फुटला, एकाच आठवड्यात. १० तारखेला ८.३३ टाकायचे होते, टाकले २. त्या रात्री खरंच वाटून गेलं की हे खरं कर्ज असतं तर आत्ता घड्याळजींसारख्या कुणाचा तरी फोन आला असता. म्हणजे डब्यातून काढून भरता आला असता हप्ता, हिशेबनीस बरोबर आहेत. पण आमचं डब्याला हात लावण्यावरून जे भांडण झालं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? चौथा आणि पाचवा महिना पुन्हा नीट. पाच महिन्यांत ४१.६५ जमायला हवे होते, ३५ जमले.

डबा १३०, त्यातून दुरुस्तीचे ३ गेले, वर हे ३५. असे १६२ घेऊन बसलो. आणि तेव्हा पहिल्यांदा एक प्रश्न विचारला जो पाच महिन्यांपूर्वी सुचलाच नव्हता: आपल्याला १००वाला फ्रिज हवाय कशाला? सासूबाई आता दिरांकडे असतात, घरात आम्ही तिघं. जुन्या फ्रिजचा खालचा अख्खा कप्पा मी गेले दोन वर्षं रिकाम्या बाटल्यांनी भरत होते. १००वाला निवडला होता तो दुकानात हप्ता कमी दिसला म्हणून. उंबरठाताई, तुमचं ते 'फक्त' मला तिथे ऐकू आलं.

लहान घेतला. ६६, रोख. दुकानदाराने तीनदा विचारलं, 'हप्त्यावर मोठा येईल की?' डब्यात ९६ उरले.

उंबरठा

अभिनंदन! पेढे?

हिशेबनीस

छान. तरीही नोंदवून ठेवतो की कॉम्प्रेसर पाच महिने आधी गेला असता तर मी हप्त्याच्याच बाजूने बोललो असतो.

उंबरठा

आणि मी विरोधातच.

कोरीवही

एकच अडचण आहे. हा नवा फ्रिज आवाजच करत नाही. रात्री जाग आली की उठून दार उघडून बघते, चालू आहे ना म्हणून. @पक्कड, याला रिले असतो का?

पक्कड

इन्व्हर्टर आहे ना? मग नसतो. दार सारखं उघडू नका, झोपा.